अरबी समुद्र हिरवा होतोय की ओसाड? उपग्रहातून फायटोप्लँक्टन बघण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुद्राच्या रंगाच्या डेटावर काम करतो, आणि घरातल्या मंडळींपासून एमएस्सीच्या मुलांपर्यंत सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं बसून लिहून काढलंय. उदाहरणं बरीचशी अरबी समुद्राची आहेत, कारण तो आपला आहे आणि या विषयातले जवळजवळ सगळे पेच त्या एका समुद्रात भेटतात.

एका वाक्यात सांगा ना, अरबी समुद्रातलं फायटोप्लँक्टन वाढतंय की कमी होतंय?

एका वाक्यात नाही जमत, आणि हे मी टाळायला म्हणून सांगत नाहीये. सोमालिया-ओमानकडची पश्चिम बाजू, कराची-गुजरातच्या खालची उत्तर बाजू आणि आपला कोकण-गोवा किनारा हे तीन वेगळे समुद्र समजा, त्यात मॉन्सून आणि हिवाळा हे दोन वेगळे सीझन, आणि वर परत कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत बघताय तो प्रश्न आहेच. जागा, सीझन, वर्षं हे तिन्ही सांगितल्याशिवाय 'वाढलं' किंवा 'घटलं' याला काही अर्थच येत नाही. पुढे यावर सविस्तर लिहिलंय, पण मधलं बेसिक वाचूनच तिकडे जा, नाहीतर नुसते आकडे लक्षात राहतील.

फायटोप्लँक्टन म्हणजे नक्की काय?

शाळेच्या पुस्तकात याला वनस्पती प्लवक म्हणतात. पाण्यात तरंगणारे, बहुतेक एकपेशीय, डोळ्यांना न दिसणारे जीव, जे झाडासारखंच उन्हावर आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतात. पृथ्वीवर दरवर्षी वनस्पती जेवढा कार्बन बांधतात त्यातला जवळपास निम्मा हे समुद्रात बांधतात, आणि गंमत म्हणजे त्यांचं एकूण वजन जमिनीवरच्या झाडांच्या एक टक्क्याच्या आसपासच असेल. हे शक्य होतं कारण ते प्रचंड वेगाने वाढतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात, साधारण आठवडाभरात सगळा साठा बदललेला असतो. वडाचं झाड शंभर वर्षं उभं राहतं, हे लोक चार दिवसांचे. म्हणूनच समुद्रात काही बदललं तर त्याची पहिली खूण इथे दिसते, आणि म्हणूनच तो बदल मोजणं इतकं अवघड जातं.

आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्रातून येतो असं म्हणतात ते खरं का?

प्रकाशसंश्लेषणाचा निम्मा वाटा समुद्राचा, एवढं बरोबर. पण त्यातून तयार झालेला ऑक्सिजन जवळजवळ सगळा समुद्रातच, ते जीव खाणारे आणि कुजवणारे, वापरून टाकतात. हवेतला ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, उद्या फायटोप्लँक्टन कमी झालं म्हणून आपला श्वास कोंडणार नाही. मासे कमी होतील, कार्बनचा हिशोब बिघडेल, हेच पुरेसं गंभीर आहे, त्याला श्वासाची भीती जोडायची गरज नाही.

सातशे किलोमीटर वरून उपग्रहाला इतकी बारीक गोष्ट दिसते तरी कशी?

पेशी नाही दिसत, पाण्याचा रंग दिसतो. स्वच्छ पाणी लाल प्रकाश शोषून घेतं आणि निळा परत पाठवतं, म्हणून खोल समुद्र निळा. फायटोप्लँक्टनमधलं क्लोरोफिल, म्हणजे हरितद्रव्य, निळा प्रकाश खातं, ४४३ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि हिरव्याला, म्हणजे ५५५ च्या आसपास, फारसं हात लावत नाही. मग उपग्रह निळ्या आणि हिरव्या बँडमध्ये (रंगाच्या ठराविक पट्ट्यात) किती प्रकाश वर आला ते मोजतो, दोघांचं गुणोत्तर काढतो, आणि जहाजावरून गोळा केलेल्या हजारो पाण्याच्या नमुन्यांशी जुळवून बनवलेल्या सूत्रातून त्याचं क्लोरोफिल करतो. एकक मिलिग्रॅम प्रति घनमीटर. महासागराच्या मधोमध ०.१ पेक्षाही कमी, आणि अरबी समुद्रात चांगला ब्लूम (फायटोप्लँक्टनची एकाएकी दाट वाढ) आला की कित्येक मिलिग्रॅम.

ऐकायला सोपं वाटतं पण यात मोठी अडचण हवेची आहे. उपग्रहाला समुद्राकडून जो प्रकाश मिळतो त्यातला सुमारे ९० टक्के पाण्याला न शिवताच, हवेतून विखुरलेला असतो. म्हणजे शंभर रुपयांतले नव्वद आधी वजा करायचे आणि उरलेल्या दहात फायटोप्लँक्टन शोधायचं, आणि वजाबाकीत एक रुपया चुकला की उत्तरात दहा टक्के चूक. अरबी समुद्रावर उन्हाळ्यात अरबस्तानची धूळ येते, ती हे गणित अजून बिघडवते. क्लोरोफिलसाठी सुरुवातीपासून ठेवलेलं टार्गेट ३५ टक्क्यांच्या आत चूक असं होतं, तेही खुल्या स्वच्छ समुद्रात. हा ३५ आकडा लक्षात ठेवा.

मग इतकी चूक असताना दोन-चार टक्क्यांचा बदल कसा पकडणार?

बरोबर जागी बोट ठेवलंत. एकेका पिक्सेलची चूक मोठी असली तरी लाखो पिक्सेल आणि हजारो दिवसांची सरासरी घेतली की इकडे-तिकडे होणारी चूक बरीच धुऊन निघते. जी धुऊन निघत नाही ती म्हणजे सेन्सर हळूहळू म्हातारा होण्याची चूक. अवकाशात आरसे आणि डिटेक्टर खराब होत जातात, आणि सेन्सर वर्षाला थोडा थोडा मंद झाला तर तुम्हाला वाटेल समुद्र बदलतोय. त्यावर उपाय म्हणून सीविफ्स नावाचा सेन्सर दर महिन्याला वळून चंद्राकडे बघायचा, कारण चंद्राचा पृष्ठभाग बदलत नाही. आणि हवाई बेटांजवळ लनाई बेटापाशी मोबी नावाचा एक बॉय, म्हणजे नांगरून ठेवलेलं तरंगतं यंत्र, १९९७ पासून पाण्यात आहे, तो तिथून वर येणारा प्रकाश प्रत्यक्ष मोजतो आणि अमेरिकेच्या, बाकीच्याही उपग्रहांचं माप त्याच्याशी ताडून घेतात. ज्या डेटावर आपण इतके मोठे दावे करतो तो एका बॉयच्या आणि चंद्राच्या भरवशावर उभा आहे, मला या कामातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

उपग्रहाला किती खोल दिसतं?

फक्त वरचा थर. अगदी स्वच्छ पाण्यात वीस-चाळीस मीटर, गढूळ पाण्यात एक-दोन मीटर किंवा तेही नाही. अरबी समुद्राच्या मध्यभागी दोन मॉन्सूनच्या मधल्या काळात क्लोरोफिलचा सगळ्यात दाट थर बराच खाली असतो, तो उपग्रहाला दिसतच नाही. त्यासाठी आता तरंगते फ्लोट आहेत, बायोजिओकेमिकल आर्गो म्हणतात, ते खाली जातात, मोजतात, वर येऊन उपग्रहाला डेटा पाठवतात. नुसता उपग्रहाचा नकाशा बघून 'समुद्रात' किती आहे असं म्हणू नये, 'पृष्ठभागाजवळ' म्हणावं.

किती वर्षांचा डेटा आहे आपल्याकडे?

पहिला सेन्सर सीझेडसीएस, निम्बस-७ उपग्रहावर, ऑक्टोबर १९७८ मध्ये गेला आणि १९८६ पर्यंत चालला. तो खरं तर 'रंगातून क्लोरोफिल कळतं का' एवढंच बघायला पाठवलेला प्रयोग होता. त्यानंतर दहा वर्षं जवळजवळ काहीच नाही. आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण १९९४ ते १९९६ मध्ये अरबी समुद्रात फार मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, जेजीओएफएस नावाची, भारतासकट कितीतरी देशांची जहाजं समुद्रात, आणि वर आकाशात समुद्राचा रंग बघणारा नियमित एकही डोळा नाही.

१९९६ मध्ये आपल्या आयआरएस-पी३ वर मॉस नावाचा जर्मन सेन्सर गेला, त्याच वर्षी जपानचा एक गेला जो वर्षभरही टिकला नाही. खरी सलग मालिका सुरू होते सप्टेंबर १९९७ पासून, सीविफ्सने. तो २०१० च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. २००२ पासून अ‍ॅक्वा उपग्रहावरचा मोडिस, युरोपचा मेरिस २००२ ते २०१२, मग विर्स २०११ पासून, आणि सेंटिनेल-३ वरचा ओल्सी २०१६ पासून. आपला ओशनसॅट-१ गेला २६ मे १९९९ ला, त्यावरचा ओसीएम सेन्सर ३६० मीटरचा तपशील द्यायचा, जे त्या काळात किनाऱ्याच्या कामाला फार भारी होतं. मग ओशनसॅट-२ सप्टेंबर २००९ आणि ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२.

थोडक्यात, ट्रेंड काढायचा तर १९९७ पासूनचा काळ धरा.

एवढे उपग्रह आहेत तर सगळे जोडून एक लांब मालिका करून टाकायची ना?

करतात, पण जोड फार जपून द्यावा लागतो. प्रत्येक सेन्सरचे बँड थोडे वेगळे, वेळ वेगळी, चुका वेगळ्या. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऐका. १९७९-८६ चा सीझेडसीएस आणि १९९७ नंतरचा सीविफ्स यांची तुलना दोन वेगवेगळ्या गटांनी केली. एकाने २००२ मध्ये सांगितलं, जगातल्या समुद्राचं क्लोरोफिल सुमारे ६ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्याने २००५ मध्ये सांगितलं, सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं! तेच दोन सेन्सर, तोच समुद्र. कोणी खोटं बोललं नव्हतं, जुना डेटा दुरुस्त करायची आणि दोन्हींना एका मापात आणायची पद्धत वेगळी होती, बस्स. मी नवीन मुलांना ट्रेंड शिकवायच्या आधी ही गोष्ट सांगतो आणि मग काही वेळ गप्प बसतो.

आता युरोपियन स्पेस एजन्सीचा ओसी-सीसीआय नावाचा जोडलेला डेटासेट आहे, सप्टेंबर १९९७ पासूनचा, त्यात सेन्सरमधले फरक काढून टाकायचा बराच प्रयत्न केलेला आहे. मी तोच वापरतो, पण २००२ आणि २०१०-१२ च्या आसपास काही उडी दिसली तर आधी जोडावर संशय घेतो, समुद्रावर नंतर.

बरं आता सांगा, अरबी समुद्रातलं फायटोप्लँक्टन वाढलं की घटलं यावरचं शास्त्रज्ञांचं नेमकं भांडण काय होतं?

२००५ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये एक पेपर आला, जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांचा. सीविफ्सच्या सात वर्षांच्या डेटात त्यांना दिसलं की पश्चिम अरबी समुद्रात, म्हणजे सोमालिया-येमेन-ओमानच्या बाजूला, उन्हाळी मॉन्सूनमधलं फायटोप्लँक्टन किनाऱ्याजवळ ३५० टक्क्यांहून जास्त वाढलंय. कारण त्यांनी असं मांडलं की युरेशियावरचा, हिमालयाकडचा बर्फ कमी झाला, जमीन जास्त तापली, जमीन-समुद्रातला फरक वाढला, नैर्ऋत्य मॉन्सूनचा वारा जोरात वाहायला लागला, त्याने तिथलं पृष्ठभागाचं पाणी बाजूला ढकललं आणि खालचं थंड, खताने (म्हणजे नैसर्गिक पोषक क्षारांनी) भरलेलं पाणी वर आलं. साखळी पटण्यासारखी आहे, मॉन्सूनचा वारा आणि पाण्याचं वर येणं हे नातं तर पक्कंच आहे.

२००७ मध्ये अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी करंट सायन्समध्ये विचारलं, हे सगळ्या अरबी समुद्राला लागू आहे का? वाढ सगळीकडे सारखी नव्हती.

मग २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, नेमकं उलट सांगणारा: पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत फायटोप्लँक्टन २० टक्क्यांपर्यंत घटलं. कारण हा भाग जगातल्या उष्ण समुद्रांमध्ये फार वेगाने तापतोय. वरचं पाणी तापलं की हलकं होतं, झाकण बसल्यासारखं, आणि खालचं खत वर येतच नाही.

आता दोघांत खोटं कोण? माझं स्पष्ट मत, कोणीच नाही, पण दोन्हींची मर्यादा न सांगता आकडे फिरवणारे चूक आहेत. पहिल्या पेपरची सात वर्षं कुठून सुरू झाली बघा, १९९७-९८. त्या वर्षी शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक आणि त्याच्या जोडीला हिंदी महासागराचा पॉझिटिव्ह डायपोल (पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा गरम, पूर्वेचं थंड), सुमात्रा-जावाकडे कधी नव्हे ते ब्लूम आले, सगळ्या हिंदी महासागराची घडी विस्कटलेली. अशा विचित्र वर्षापासून रेघ ओढली की ती वरच जाणार, आणि २००४ नंतर ती तशी वर गेलीही नाही. दुसऱ्या पेपरमध्ये साठ वर्षं आहेत पण उपग्रह त्यातल्या शेवटच्या भागातच आहे, आधीचा काळ हवामान मॉडेलमधून आलेला आहे. म्हणून '२० टक्के घट उपग्रहाने मोजली' असं लिहिलेलं दिसलं की मी दरवेळी दुरुस्त करतो. वारा जोरात झाला तर फायटोप्लँक्टन वाढवणार, पाणी तापलं तर कमी करणार, दोन्ही जोर एकाच समुद्रावर एकाच वेळी लागतात, आणि कुठे कोण जिंकतं ते जागेवर आणि वर्षावर ठरतं.

मग किती वर्षं लागतात खात्रीने बोलायला?

२०१० मध्ये स्टेफनी हेन्सन आणि सहकाऱ्यांनी हिशोब काढला होता की नैसर्गिक चढउतारातून हवामानबदलाचा ट्रेंड वेगळा दिसायला साधारण ४० वर्षांचा सलग डेटा हवा. १९९७ मध्ये ४० मिळवा. म्हणजे क्लोरोफिलच्या बाबतीत आपण अजून वाटेतच आहोत, आणि मध्ये एखादा सेन्सर बदली न येता बंद पडला तर वाट अजून लांबते.

पण समुद्राच्या ५६ टक्के भागाचा रंग बदलला अशी बातमी होती, ती खोटी का?

नाही, खरी आहे. २०२३ मध्ये नेचरमध्ये आलं होतं, केल आणि सहकाऱ्यांचं काम, मोडिस-अ‍ॅक्वाचा २००२ ते २०२२ असा वीस वर्षांचा डेटा. त्यांनी क्लोरोफिल न काढता सरळ रंगच बघितला, सगळे बँड एकत्र, आणि एकाच सेन्सरचा डेटा घेतल्यामुळे जोडाची भानगडच नाही. एका आकड्यात कोंबलेला बदल ४० वर्षं घेतो, पण सगळ्या रंगांत मिळून तो आधी दिसतो. विषुववृत्ताच्या बाजूचा समुद्र विशेषकरून हिरवट होत चाललाय. पण हिरवट म्हणजे फायटोप्लँक्टन जास्त असं त्यांनीही म्हटलेलं नाही. जाती बदलल्या असतील, पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य बदललं असेल, मेलेल्या पेशींचा कचरा बदलला असेल. काहीतरी बदललंय हे नक्की, काय ते शोधायचं काम चालू आहे.

१९५० पासून फायटोप्लँक्टन ४० टक्के कमी झालं हा फॉरवर्ड?

तो २०१० च्या एका पेपरवरून आला आणि अजून फिरतोय. त्यात १८९९ पासूनची जहाजावरची मापं घेतली होती, त्यात जुना बराच भाग सेकी डिस्कचा, म्हणजे पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची, १८६५ पासूनची पद्धत. ही थाळीची मापं आणि नंतरची क्लोरोफिलची प्रत्यक्ष मापं एकत्र केल्याने घट दिसते की काय, असा आक्षेप पुढच्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी घेतला. ४० टक्के हा आकडा पुढे पाठवू नका.

क्लोरोफिल वाढलं म्हणजे फायटोप्लँक्टन वाढलं, इतकं तरी सरळ आहे ना?

तेही नाही! ऊन कमी मिळालं की पेशी आपल्यातलं क्लोरोफिल वाढवते, जसं सावलीतल्या झाडाचं पान गर्द होतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात थंड कोरड्या वाऱ्याने पाणी खोलवर ढवळलं जातं, पेशी बराच वेळ अंधारात जातात, मग पेशी तेवढ्याच असल्या तरी एकेका पेशीत क्लोरोफिल जास्त. उलट तापलेल्या, स्थिर, लख्ख उन्हाच्या पाण्यात क्लोरोफिल घटतं ते थोडं खत कमी म्हणून आणि थोडं पेशीला गरजच नाही म्हणून. त्यामुळे आता पाण्यातून मागे विखुरणाऱ्या प्रकाशावरून कार्बनचाही अंदाज काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतात. मला विचाराल तर नुसत्या क्लोरोफिलच्या ट्रेंडवर 'उपाशी समुद्र' वगैरे हेडलाइन देणं अन्यायाचं आहे.

कोकण किनाऱ्याचा ट्रेंड नकाशा कुठे मिळेल?

मिळेल, पण वापरू नका, निदान आहे तसा नको. निळा-हिरवा गुणोत्तराचं सूत्र खुल्या समुद्राचं आहे जिथे रंग बदलणारी मुख्य गोष्ट फायटोप्लँक्टनच असते. किनाऱ्यावर नद्यांची माती, कुजलेल्या पानांचं पिवळट पाणी, भरती-ओहोटीने ढवळलेला तळ, हे सगळं निळा प्रकाश खातं आणि सूत्राला वाटतं क्लोरोफिल आहे. खंभातच्या आखातात देशातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, पाणी कायम गढूळ, तिथे नकाशावर क्लोरोफिल भडक लाल दिसतं.

मी पहिल्या वर्षी डहाणूपासून खालपर्यंत किनाऱ्याचा ट्रेंड काढला होता, उत्तरेला मस्त वाढ दिसत होती, मी तीन आठवडे त्यावर लिहीत बसलो, आणि गाइडनी एकच प्रश्न विचारला, ही माती नाही हे कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाल प्रकाशाचा बँड काढून बघितला तर तो पण तसाच वाढलेला, म्हणजे गाळच. सगळं काम बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून किनाऱ्यापासून निदान ५० मीटर खोलीच्या आतलं मी ट्रेंडमध्ये धरत नाही, आणि धरायचंच असेल तर त्या जागचे पाण्याचे नमुने मागतो. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं एकाच जागी जाऊन पाणी मोजलंय, अशा कामाची किंमत उपग्रहवाल्यांना विचारा.

पावसाळ्यात काय दिसतं?

ढग. मॉन्सूनमध्ये आपल्या किनाऱ्यासमोर खालचं पाणी वर येतं, वर्षातलं सगळ्यात जोरदार उत्पादन तेव्हाच, आणि नेमकं तेव्हाच उपग्रहाला काही दिसत नाही, कारण रंग बघायला सूर्यप्रकाश आणि मोकळं आकाश दोन्ही लागतं. जुलैचा महिन्याचा नकाशा भरलेला दिसला तरी एखाद्या पिक्सेलमागे कदाचित दोनच दिवसांचं माप असतं, आणि ते दोन दिवस म्हणजे पाऊस थांबलेले दिवस, महिन्याचे प्रतिनिधी नव्हेत. मोजमापांची संख्या देणारा वेगळा थर फाइलमध्ये असतो, तो न बघता मॉन्सूनचा ट्रेंड काढू नये.

कोकणात रात्री समुद्र निळा चमकतो तो हाच का?

हो, बहुतेक वेळा तो नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईपासून खाली बऱ्याच किनाऱ्यांवर लोकांनी पाहिला, फोटो सगळ्यांकडे असतील. लाट फुटली की पेशी चमकते. किनाऱ्यावर जास्त करून लाल नॉक्टिल्युका असतो, जो दुसऱ्यांना खाऊन जगतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात येतो तो हिरवा, त्याच्या पोटात छोटे हिरवे शैवाल राहतात, म्हणजे तो खातोही आणि ऊनही वापरतो. आधी तिथे हिवाळ्यात डायटमचे (काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय शैवालाचे) ब्लूम यायचे, या शतकाच्या सुरुवातीपासून हिरवा नॉक्टिल्युका त्यांची जागा घेतोय. हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा संबंध कमी ऑक्सिजनचं पाणी वर पसरण्याशी लावला, तर २०१८ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन कमी नसतानाही मोठे ब्लूम येतात हे दाखवलं. वाद चालू आहे.

माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही की क्लोरोफिलच्या नकाशावर डायटम काय नि नॉक्टिल्युका काय, दोन्ही हिरवेच. डायटमना छोटे जीव खातात, आणि त्या जीवांना मासे खातात. नॉक्टिल्युका मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक जीव) आणि जेलीफिशच्या वाट्याला जातो. ट्रेंडची रेघ सपाट राहील आणि खालचं सगळं जेवणाचं ताट बदललेलं असेल.

यावरून मासा कुठे आहे ते कळतं का?

रत्नागिरीला मामाची बोट आहे, तो हाच प्रश्न विचारतो. रोजच्या कामासाठी, हो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी समुद्र-माहिती संस्था उपग्रहाचं क्लोरोफिल आणि पाण्याचं तापमान बघून संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना देते, मराठीतही मिळते, डिझेल आणि वेळ वाचतो. बंदीच्या काळात देत नाहीत. पण पुढच्या दहा वर्षांत तारली वाढेल की बांगडा कमी होईल हे क्लोरोफिलच्या ट्रेंडवरून सांगता येत नाही, मध्ये मासेमारीचा ताण आहे, तापमान आहे, अंडी घालायच्या जागा आहेत. मामाला मी तेच सांगतो आणि त्याला ते पटतं, कारण त्यानेही हिरवं पाणी आणि रिकामं जाळं बघितलेलं आहे.

नवीन उपग्रहांनी काय फरक पडेल?

८ फेब्रुवारी २०२४ ला नासाचा पेस गेला. जुने सेन्सर आठ-दहा बँड बघायचे, हा अतिनील ते जवळच्या अवरक्तपर्यंत पाच-पाच नॅनोमीटरच्या पट्ट्यांत जवळजवळ सलग रंग बघतो, त्यामुळे कुठल्या गटाचं फायटोप्लँक्टन आहे हे ओळखायची खरी संधी आहे, आणि सोबत धूळ-धूर मोजणारी दोन उपकरणं आहेत. आपल्या ओशनसॅट-३ वरच्या ओसीएममध्येही आता तेरा बँड आहेत. मला सगळ्यात आशा वाटते ती डायटम-नॉक्टिल्युका फरकाची. फक्त त्यांचा डेटा आत्ता सुरू झालाय, ट्रेंड त्यातून लगेच मागू नका.

मला घरी बसून बघायचंय, सुरुवात कुठून करू?

ब्राउझरमध्ये नासाची जिओव्हानी ही वेबसाइट उघडा, कोडिंग लागत नाही. नंतर पायथन येत असेल तर ओसी-सीसीआयचा चार किलोमीटरचा महिन्याचा डेटा फुकट मिळतो. ओसीएमचा डेटा एनआरएससी या इस्रोच्या संस्थेच्या भूनिधी वेबसाइटवर आहे.

तीन गोष्टी सांभाळा. क्लोरोफिलची सरासरी लॉग घेऊन काढा, नाहीतर एकच ब्लूम सगळा महिना खाऊन टाकतो. ट्रेंडच्या आधी दर महिन्याची नेहमीची सरासरी वजा करा. आणि शेवटी पहिली दोन वर्षं काढून तीच रेघ परत ओढून बघा, मग शेवटची दोन काढून. चिन्ह बदललं तर तो ट्रेंड नाही.

बॉक्स घ्यायचा तर पहिल्यांदा किनारा नको. २० ते २३ उत्तर, ६२ ते ६६ पूर्व, फक्त फेब्रुवारी महिना, १९९८ पासून. तिथे हिवाळी ब्लूम असतो, आकाश मोकळं असतं, माती नसते. त्याच बॉक्सचं जानेवारीचं पृष्ठभागाचं तापमान शेजारी काढा आणि ज्या वर्षी थंडी जास्त होती त्या वर्षांवर खूण करत जा.